आजी बऱ्या आहेत

मला महिन्याला तीन-चार लॉटऱ्या लागतात. तिकीट काढत नाही, तरी लागतात. सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी म्हणून तीस वर्षं काढली, शेजारच्या अडत्यानं कधी चहा पाजला नाही. आणि परदेशातली अनोळखी माणसं माझ्या नावावर लाखो डॉलर ठेवून मरतात!

"भामट्यांच्या ई-मेल अडवायला फिल्टर असतो म्हणतोस, मग हे आत येतंच कसं?" मी भाच्याला विचारलं.

त्यानं स्क्रीनवर बोट टेकवलं. लॉटरीच्या स्पेलिंगात 'ओ'च्या जागी शून्य. दुसऱ्या मेलमध्ये बँकेच्या नावातला 'ए' चक्क रशियन लिपीतला. आपल्या डोळ्याला जुळा भाऊ, कॉम्प्युटरला परका. तिसऱ्यात मजकूरच नाही, सगळी अक्षरं फोटोत. चौथ्याच्या तळाला पांढऱ्यावर पांढऱ्या अक्षरांत पाऊस, आजी, शाळा, केक.

"आजी कशाला रे?"

"मामा, फिल्टर शब्द तोलतंय. कुठला शब्द भामट्याच्या मेलमध्ये किती, चांगल्या मेलमध्ये किती. बेझ नावाच्या अठराव्या शतकातल्या पाद्र्याचं गणित हाय ते."

पाद्री म्हणजे पापपुण्याचा हिशोब, ओघानं आलंच. पुण्य कमी पडलं की आजी ओतायची! आमच्या सौद्यात हे चालत नाही. खरेदीदार वरच्या पॉलिशला भुलत नाही, हळकुंड मोडून आतला रंग बघतो.

१९७८ साली अशी बिनबोलावलेली पहिली मेल गेली म्हणे, सुमारे ४०० जणांना, कॉम्प्युटर खपवायला. त्या गड्यानं निदान स्पेलिंग सरळ लिहिलं होतं. पुढं मेलेल्या श्रीमंतांचं पीक आलं. त्या धंद्याला नायजेरियाच्या कायद्यातल्या कलमावरून '४१९' म्हणतात. आपलं ४२०, म्हणजे एकानं सरस. तेही २०२४ मध्ये नव्या कायद्यानं ३१८ केलं. आता शिवी तरी काय द्यायची?

हे सगळं सोसलं असतं. पण पुण्याच्या व्यापाऱ्याची चाळीस क्विंटल राजापुरी हळदीची ऑर्डर अकरा दिवस स्पॅममध्ये, म्हणजे फिल्टरनं अडवलेल्या मेलच्या ढिगात, पडून होती. भल्या माणसानं 'अर्जंट', 'पेमेंट', 'आजच' असं सगळं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं. मालक माझ्यावर उखडले. मी लगेच माफीची मेल धाडली: 'अर्जंट, पेमेंटची काळजी नको.' ती त्याच्या स्पॅममध्ये गेली.

शेवटी भाच्याच्या सल्ल्यानं तिसरी मेल लिहिली. सुरुवात अशी: 'सांगलीत पाऊस बरा आहे. आजी बऱ्या आहेत. शाळा सुरू झाल्या.'

दहा मिनिटांत उत्तर आलं. 'आजींना नमस्कार. भाव काय?'