"सवय होईल" म्हणे!
गणपतीच्या आधी नदीपात्रात ढोल-ताशांचा सराव सुरू झाला की पुण्यात एडीएचडी (लक्ष टिकवणं, आवेग आवरणं अवघड जाणारी मेंदूची ठेवण) असलेल्या, आवाज सोसत नसलेल्या माणसाला एकच सल्ला मिळतो: "सवय होईल हो." नाही होत! सवय व्हायची तर मेंदूने तोच तो आवाज मागे टाकायला हवा, आणि नेमकं तेच जमत नाही. प्रत्येक टिपरू नव्याने आदळतं.

वेळही बघा. एडीएचडीवरची साधी मिथाइलफेनिडेटची गोळी 3-4 तास चालते. दुपारची गोळी संध्याकाळी उतरते, तिनेच भूक मारलेली असते, डबा तसाच परत आलेला असतो आणि त्यातच ताशा तडतडायला लागतो. माणूस भडकला की "किती चिडका!" अहो, आधी त्याला काहीतरी खायला द्या.

"एवढे महागाचे हेडफोन आहेत ना?" आहेत, पण नॉइज कॅन्सलिंग पंख्याची, एसीची एकसुरी घरघर कापतं, ताशाची तडतड बरीचशी आत येतेच. तिथे फोमचे इअरप्लग लागतात, तेही नीट घातलेले: बोटांत वळून बारीक करा, दुसऱ्या हाताने कान वर-मागे ओढा, आत सरकवा, फुगेपर्यंत अर्धा मिनिट धरा. अर्धवट बाहेर राहिलेला प्लग फारसं काही अडवत नाही. कानात काही घातलेलंच ज्यांना सोसत नाही, ते बाहेरून इअरमफ लावतात. त्यांच्याकडे टक लावून बघू नका!

ढोल बंद करा असं कुणी म्हणत नाहीये. सराव रात्री 10 ला थांबवा, एवढंच. 2000 सालचे ध्वनिप्रदूषणाचे नियमही तेच सांगतात.