६०,००० पट? जरा गुणाकार करून बघा

शिक्षकांच्या प्रशिक्षणात, मार्केटिंगच्या स्लाइडांवर आणि अर्थातच व्हॉट्सअ‍ॅपवर एक मजकूर फिरत असतो: मेंदूला चित्र शब्दापेक्षा ६०,००० पट वेगाने कळतं, भावना पोचवण्यात शब्दांचा वाटा फक्त ७ टक्के, आणि शब्द डाव्या मेंदूचे तर भावना उजव्याच्या. तात्पर्य काय, तर लिहीत बसू नका, दाखवा.

६०,००० पट. हा आकडा थ्रीएम कंपनीच्या प्रेझेंटेशनविषयक पत्रकात छापला गेला आणि तिथून पसरला. त्यामागचं संशोधन अनेकांनी शोधलं, कुणालाच मिळालं नाही. दाखला म्हणून एमआयटीतल्या मेरी पॉटर यांचा २०१४ चा प्रयोग पुढे केला जातो. पडद्यावर जेमतेम १३ मिलिसेकंद (सेकंदाचे १३ हजारांश) झळकलेलं चित्रही लोकांना ओळखता येतं, असं त्यात दिसलं होतं. ठीक. आता १३ मिलिसेकंदांना ६०,००० ने गुणा. १३ मिनिटं होतात. म्हणजे ‘आई’ एवढं वाचायला १३ मिनिटं! शिवाय १३ मिलिसेकंद ही चित्र पडद्यावर राहण्याची वेळ. मेंदूचं काम त्यानंतरही चालूच असतं.

प्रत्यक्षात किती वेळ लागतो? डोक्याला इलेक्ट्रोड लावून, लोकांना नुसते शब्द मनात वाचायला देऊन हे मोजलेलं आहे. जर्मनीत कोन्स्टान्झ विद्यापीठात २००७ साली प्रसिद्ध झालेल्या अशा प्रयोगात, भावना चाळवणाऱ्या शब्दांना मिळणारा प्रतिसाद साध्या शब्दांपेक्षा पाव सेकंदाच्या आसपासच वेगळा दिसू लागला. चित्रांबाबत हा फरक थोडा आधी दिसतो, पण हजारो पटींनी नव्हे. एक मात्र मान्य: अपघाताचा फोटो ‘अपघात’ या शब्दापेक्षा सहसा जास्त हादरवतो. पण तो प्रश्न तीव्रतेचा झाला, वेगाचा नाही.

७ टक्के. याचं मूळ म्हणजे मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट मेहराबियन यांचे १९६७ चे प्रयोग. त्यांतल्या एकात ‘मेबी’ हा एकच शब्द आवडीच्या, नावडीच्या आणि कोरड्या सुरात ऐकवला, सोबत चेहऱ्यांचे फोटो दाखवले. ‘बघू, कदाचित’ म्हणणाऱ्या शब्दाकडून भावनेची अपेक्षा तरी किती करायची? ७ टक्क्यांचं हे सूत्र आवडीनिवडीबद्दलच्या बोलण्यापलीकडे लागू होत नाही, असं मेहराबियन स्वतःच सांगत आले. स्लाइडवर तेवढं वाक्य कधी नसतं.

शब्द किती खोल रुततात ते वेगळ्याच प्रयोगात दिसतं. मातृभाषा तुर्की आणि इंग्रजी नंतर शिकलेले लोक घेऊन, बोटांना इलेक्ट्रोड लावून त्वचेचा घाम मोजला (२००३). ‘लाज नाही वाटत?’ या धाटणीची, लहानपणी ऐकलेली रागावणी तुर्कीत आली की प्रतिसाद इंग्रजीपेक्षा जोरदार. चित्र नाही, तरी शरीर दचकतं. इंग्रजी शिवी चारचौघांत सहज देणारा मराठी माणूस तीच मराठीत देताना का चाचरतो, याचं आपल्याला नवल वाटायला नको.

डावा-उजवा. सुरातला भाव ओळखण्यात उजव्या बाजूचा वाटा मोठा, हे खरं. पण भावनिक शब्दांनी जागा होणारा अमिग्डला हा मेंदूतला छोटा भाग दोन्ही बाजूंना असतो, आणि मेंदूच्या या दोन अर्ध्या भागांना सुमारे २० कोटी तंतू जोडतात. अमेरिकेतल्या युटा विद्यापीठाने २०१३ मध्ये १,०११ जणांचे मेंदूचे स्कॅन तपासले. ‘उजव्या मेंदूची माणसं’ असा वेगळा गट काही निघाला नाही. ‘उजवा मेंदू जागृत करा’ म्हणणाऱ्या क्लासची फी भरण्याआधी पालकांनी हा आकडा समोर ठेवून उत्तर मागावं.