बघ्याची भूमिका? एका प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार.

सरकारी रुग्णालयातल्या त्या मुलाबद्दल मी लिहिलं होतं, त्यावरची तुमची प्रतिक्रिया वाचली. तुमचं म्हणणं थोडक्यात असं: बाप खाटेवर तळमळतोय, मुलगा मोबाइलमध्ये डोकं घालून उभा आहे, आणि मी त्याला ‘निवाडा न करता पाहिलं’ ही साधना म्हणून सांगते आहे. चुकीला चूक म्हणायची हिंमत नसली की माणसं बघ्याची भूमिका घेतात आणि तिला साक्षीभाव असं भारदस्त नाव देतात, असं तुम्ही लिहिलंत. हा सुखवस्तू लोकांचा छंद आहे, असंही. आणि शेवटी विचारलंत, महाडला बाबासाहेब असेच साक्षीभावाने तळ्याकाठी उभे राहिले असते तर?

प्रश्न खरा आहे. अध्यात्माच्या आडोशाने अन्यायाकडे काणाडोळा करणारे आपल्याकडे पुष्कळ होऊन गेले, आजही आहेत. “ज्याचं त्याचं कर्म” म्हणून पुढे निघून जाणारा माणूस मलाही सहन होत नाही. म्हणून त्या वॉर्डात काय झालं ते जरा तपशिलात सांगते, मागच्या लेखात ते आटोपतं घेतलं होतं.

माझे मामा त्या वॉर्डात दाखल होते, त्यांच्या शेजारची खाट होती. भेटीच्या वेळी तो मुलगा यायचा, खिडकीला टेकून उभा राहायचा आणि मोबाइल काढायचा. वडिलांचे ओठ कोरडे पडून सालं निघालेले. आसपासच्या नातेवाइकांत कुजबुज सुरू झाली, “पोटचा पोरगा, पण घोटभर पाणी पाजत नाही.” हेच वाक्य माझ्याही मनात तयार होतं. जबडा आवळला गेला होता, छातीत गरम काहीतरी चढत होतं. पाहणं सुरू होतं ते इथून, स्वतःपासून. हा राग आहे, एवढं ओळखायचं. तो दाबायचा नाही, आणि उचलून समोरच्याच्या अंगावरही टाकायचा नाही. त्यातून जरा उसंत मिळाली आणि मग मी त्याच्याकडे नीट पाहिलं. अंगठा पडद्यावर फिरत होता, पण वडील खोकले की थांबायचा. दुसऱ्या हातात केसपेपर होता, त्याची तो घडी घालायचा आणि पुन्हा उलगडायचा. आणि खाटेच्या कठड्याला एक पुठ्ठा बांधलेला होता: तोंडाने काहीही देऊ नये.

तो पुठ्ठा आम्हा सगळ्यांच्या डोळ्यांसमोर होता. पाणी न पाजणं हा त्या मुलाचा गुन्हा ठरवून झाला होता, आणि पाणी द्यायला मुळात मनाईच होती.

सिस्टरना विचारलं, निदान ओठ ओले करता येतील का? त्यांनी ओल्या गॉजची घडी दिली, पाणी आत जाऊ देऊ नका म्हणाल्या. मी ती त्या मुलाच्या हातात दिली. त्याने वडिलांचे ओठ पुसले आणि परत खिडकीशी जाऊन उभा राहिला. तो चांगला मुलगा की वाईट, हे मला आजही सांगता येणार नाही. पुढे त्यांचं काय झालं, तेही कळलं नाही.

आता तुमच्या आरोपाकडे येते. त्या वॉर्डात हात बांधून कोण बसलं होतं? ज्यांनी निवाडा दिला होता ते सगळे. त्याला निर्दयी ठरवलं आणि प्रत्येकाच्या मनाचं समाधान झालं. मी तसा नाही, माझं माणसाकडे लक्ष आहे, एवढं त्या एका वाक्यातून ज्याला त्याला मिळालं, मग उठून काही करायची गरजच उरली नाही. दुसऱ्याला नावं ठेवताना मनाला एक बरं वाटणं असतं. ते फार सूक्ष्म असतं, सहजी हाती लागत नाही. माझी सगळी साधना म्हणाल तर त्या बरं वाटण्यावर पाळत ठेवण्याची आहे.

बरं-वाईट कळूच द्यायचं नाही, असं विपश्यनेच्या या ध्यानमार्गात कुठेही नाही. इगतपुरीला धम्मगिरी या विपश्यना केंद्रावर किंवा त्या परंपरेच्या कुठल्याही केंद्रावर दहा दिवसांच्या शिबिराला बसलात, तर आधी पंचशील घ्यावं लागतं: हिंसा नाही, चोरी नाही, व्यभिचार नाही, खोटं नाही, नशा नाही. मग पहिले तीन दिवस फक्त श्वास, आणि विपश्यना, म्हणजे अंगातल्या संवेदना नुसत्या पाहणं, चौथ्या दिवशी. म्हणजे योग्य-अयोग्य उंबरठ्यावरच ठरतं, डोळे मिटायचे ते त्यानंतर. सतिपट्ठान सुत्तात, म्हणजे बुद्धांच्या ध्यानावरच्या उपदेशात, चित्ताकडे पाहण्याचा जो भाग आहे, त्यात द्वेषाने भरलेलं चित्त हे द्वेषाने भरलेलं आहे असंच जाणावं, असं सांगितलं आहे. त्याला गोंडस नाव द्यायला तिथे जागाच नाही. आणि हे पाहणं आतलं तसंच बाहेरचंही, असं त्या सुत्तात पुन्हा पुन्हा येतं. बाहेरचं म्हणजे इतर माणसांचं, असा अर्थ परंपरेने लावलेला आहे.

महाडबद्दल लिहिताना मला जपून लिहायला हवं. बाबासाहेबांना ध्यानमार्गी ठरवायला मी निघालेले नाही. 20 मार्च 1927 रोजी चवदार तळ्यावर जे झालं ती हक्काची लढाई होती. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळाने 1923 मध्येच केला होता, तो कागदावरून तळ्यापर्यंत आणावा लागला. पण त्याच दिवशी पुढे काय झालं तेही आठवा. हे लोक आता देवळात शिरणार अशी अफवा उठली, परिषदेला आलेल्या लोकांवर लाठ्या पडल्या, आणि उलट वार करायला सज्ज झालेल्या आपल्या माणसांना बाबासाहेबांनी आवरलं. त्यांना राग नव्हता असं कोण म्हणेल? पण काय करायचं हे त्या रागाने ठरवलं नाही. पुढे तळ्याचा दावा न्यायालयात चालला आणि उच्च न्यायालयाचा निकाल 1937 मध्ये लागला. इतकी वर्षं नुसत्या संतापावर कुणी टिकत नाही, असं मला वाटतं.

आणि तळ्याच्या दुसऱ्या बाजूला कोण होतं? माणसाला पाहण्याआधीच त्याचा निकाल लावून बसलेले लोक. जन्मावरून ठरवलेला, पिढ्यान् पिढ्या चालत आलेला निकाल. तळ्याचं ‘शुद्धीकरण’ करणाऱ्यांनी समोरचं पाणी तरी पाहिलं होतं का, समोरचा माणूस तरी? निवाडा न करता पाहण्याचं महत्त्व मला जर कुठे सगळ्यात जास्त पटत असेल, तर ते महाडलाच पटतं.

सुखवस्तूंचा छंद हा मुद्दा मात्र मी अर्धा स्वीकारते. शिबिराला फी नसते, ती दानावर चालतात, पण रोजंदारीवर जगणाऱ्याला दहा दिवस घर सोडणं परवडत नाही, हे उघड आहे. तरीही एप्रिल 1994 मध्ये तिहार तुरुंगात हजाराहून जास्त कैदी विपश्यनेचे आचार्य सत्यनारायण गोएंका यांच्या शिबिराला बसले होते, आणि त्यांना सुखवस्तू म्हणता येणार नाही. कायद्याने त्यांच्याबद्दल जे म्हणायचं ते ध्यानाला बसल्यामुळे पुसलं गेलं नाही. आणि रोजच्या जगण्यात या अभ्यासाला रजा काढावी लागत नाही. रेशनच्या रांगेत होतो, एसटीच्या थांब्यावर होतो, घरात तर सगळ्यात कठीण होतो, कारण घरच्या माणसांबद्दलचे आपले निकाल फार जुने असतात.

कुणी पोराला मारत असेल, बाईवर हात उगारत असेल, तर आधी तो हात धरायचा. तिथे निरीक्षण करत थांबण्याची मुभा कुठलीच साधना देत नाही, आणि देत असेल तर ती मी सोडून देईन. ऑफिसात कुणी माझा हक्क मारला तर मी लेखी तक्रार करीन. फक्त तक्रारीत काय घडलं ते लिहीन, तो माणूस कसा नीच आहे ते लिहिणार नाही. अशी तक्रार टिकते, असा माझा अनुभव आहे.

एका गोष्टीवर मात्र आपलं जमणार नाही. राग हेच चळवळीचं इंधन आहे, तो विझला तर लढाच विझेल, असं तुम्ही लिहिलं आहे. मला तसं वाटत नाही, पण मी मोर्चे काढलेले नाहीत आणि तुम्ही बरीच वर्षं वस्तीत काम करता आहात, त्यामुळे इथे माझ्या शब्दापेक्षा तुमच्या शब्दाला वजन आहे. सभा संपते, माणसं पांगतात, तुम्ही घरी येता, त्यानंतर तो राग कुठे जातो? घरातल्या कुणाच्या वाट्याला येतो का? सवडीने लिहा, मला ते मनापासून वाचायचं आहे.