आत्याची बादली आणि अकरा अंगठे

आज सकाळी आमच्या घराण्याच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर धाकट्या चुलतभावाने हवेतून पिण्याचे पाणी काढणाऱ्या यंत्राचा व्हिडिओ टाकला आणि खाली लिहिले की, सर्वांनी वर्गणी काढून गावच्या घरी आत्यासाठी हे यंत्र बसवू या, म्हणजे मे महिन्यात तिला विहिरीवर उतरावे लागणार नाही. दहा मिनिटांत अकरा अंगठे उमटले. माझा उमटला नाही, यावरून दिवसभर टोमणे खातो आहे, म्हणून हे लिहितो.

यंत्र खोटे नाही. दमट हवा पंख्याने आत ओढून थंड नळ्यांवरून नेली की तिच्यातली वाफ थेंब होऊन नळ्यांवर उतरते. ते पाणी गाळायचे, अतिनील प्रकाशाने निर्जंतुक करायचे, थोडे क्षार मिसळायचे आणि तोटीला सोडायचे. गार पाण्याच्या तांब्याला बाहेरून घाम फुटतो, तेच शास्त्र. तीस अंशांच्या, ८० टक्के दमट हवेत घनमीटरमागे सुमारे २४ ग्रॅम पाणी असते, म्हणजे आपला कोकण किनारा या यंत्राला मानवणाराच आहे. वाळवंटाच्या कोरड्या हवेतूनही पाणी शोषणारे सच्छिद्र पदार्थ घडवणाऱ्या ओमर याघी यांना २०२५ मध्ये रसायनशास्त्राचे नोबेल विभागून मिळाले, तेव्हा या विषयाची टिंगल मी करणार नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यात थोरल्या भावाने गावच्या घरात एसी बसवला आणि त्याची नळी मागच्या पडवीत सोडली. पहाटे आत्या डोक्यावर हंडा आणि कमरेवर कळशी घेऊन चढण चढून आली, तेव्हा नळीखालची बादली पाऊण भरली होती. "ह्यात पाणी कोणी ओतलं?" तिने विचारले. हवेतून आले, असे मी म्हणालो. हंडा न उतरवता ती बादलीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग मी खाली कशाला जाते रे?" ते पाणी पिण्याजोगे नसते, नळ्यांवरची धूळ आणि बुरशी त्यात उतरते, असे मी तिला समजावले, आणि तिने बादली अबोलीला ओतली.

तिच्या त्या प्रश्नाचे उत्तर यंत्र आहे, असे आज सर्वांना वाटते. अरे, लिटरमागे अर्ध्या युनिटच्या आसपास वीज खाणारे यंत्र दिवसाला २० लिटर पाण्यासाठी दहा युनिटे मागेल, आणि वळवाचा एक वारा सुटला की वाडीत दोन दोन दिवस वीज नसते, हे तुम्ही गावी येता तेव्हा पाहिलेले नाही काय?

आणि खरा राग पुढेच आहे. रत्नागिरी जिल्ह्यात वर्षाला ३,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आपले हजार चौरस फुटांचे छप्पर त्या हिशेबाने पावणेतीन लाख लिटर पाणी अंगणात ओतते, ते जांभ्या दगडातून झिरपून पऱ्याला, म्हणजे ओढ्याला, लागते आणि पऱ्या समुद्राला. आत्याला मार्च ते जून असे शंभर दिवस रोज २० लिटर लागले, तरी होतात २,००० लिटर. एक पन्हळ, पहिल्या पावसाचे पाणी बाहेर सोडण्याची सोय, एक गाळणी आणि झाकणबंद अंधारी टाकी, इतकेच. ते का झाले नाही, हे ग्रुपवरच्या प्रत्येकाला माहीत आहे. घर सामाईक आहे, छपराला हात लावायचा तर सर्वांची संमती हवी, आणि मागचे खोपे कोणाच्या वाट्याचे यावर आपण नऊ वर्षे बोलत नाही. यंत्राला वाटा नसतो, भिंतीला टेकवले की झाले. म्हणून ते अकरा अंगठे!

खाडीकाठी, जिथे विहिरींना खारे पाणी लागते आणि टाकीलाही जागा नसते, तिथे यंत्र उपयोगी पडेल, हे मान्य.

एवढे लिहिल्यावर थोडा शांत झालो आहे. मीही त्या नऊ वर्षांत एकदाही फोन उचलला नाही, आणि त्या पहाटे आत्याच्या डोक्यावरचा हंडा उतरवून घ्यायचे सोडून तिला बुरशीचे शास्त्र सांगत बसलो, हेही खरे. आत्ता ग्रुपवर टाकले आहे की, पन्हळ आणि टाकीचा सगळा खर्च मी करतो, तुमची फक्त संमती द्या. तासाभरात दोन अंगठे आले. त्यातला एक आत्याचा आहे. तिचा हात चुकून लागला असेल, असे धाकट्याचे म्हणणे आहे.