सेरेब्रल पाल्सी, तोल आणि एक फिरता संदेश

सेरेब्रल पाल्सी, म्हणजे वाढत्या मेंदूला झालेल्या इजेमुळे हालचाल आणि तोल बिघडण्याची अवस्था, असलेल्या मुलांच्या पालकांमध्ये एक संदेश बराच काळ फिरतो आहे. तो थोडक्यात असा : या मुलांच्या मेंदूला झालेली इजा कधीच भरून निघत नाही, त्यामुळे फिजिओथेरपीने तोल सुधारणे शक्य नाही, ताकदीचे व्यायाम दिल्यास पाय आणखी ताठ होतात, पाच वर्षांनंतर तर काही करण्यात अर्थच नाही, म्हणून मुलाला घरी मालीश करावी, वॉकरमध्ये उभे करावे आणि पैसा ऑक्सिजन चेंबर (जास्त दाबाखाली ऑक्सिजन देणारी बंद खोली) किंवा स्टेम सेल म्हणजे मूळ पेशींच्या उपचारासाठी राखून ठेवावा. कोथरूडहून, हडपसरहून, कधी थेट जुन्नरहून मुलांना घेऊन येणारे आई-वडील हा मजकूर फोनवर उघडून माझ्यासमोर धरतात. मी लहान मुलांची फिजिओथेरपिस्ट आहे, तेव्हा यात माझा स्वार्थ आहे असे कुणी म्हटले तर माझी हरकत नाही. फक्त पुढचे वाचून मग म्हणावे.

पहिले विधान अर्धे खरे आहे आणि म्हणूनच ते पटते. मेंदूची इजा वाढत नाही, तशी ती पुसलीही जात नाही. मात्र त्यावरून तोलाबद्दल काढलेला निष्कर्ष चुकीचा आहे. डोळे, कानातील संतुलनाचे इंद्रिय आणि स्नायू-सांध्यांकडून येणारी जाणीव यांची सांगड घालून शरीर दर क्षणी स्वतःला सावरत असते. पीएमपीची बस अचानक सुटली की उभ्या प्रवाशाचे आधी घोट्याजवळचे स्नायू आवळतात, मग मांडीचे, मग कमरेचे. ताठरपणा असलेल्या मुलांमध्ये हा क्रम अनेकदा उलटतो, शिवाय सांध्याच्या पुढचे आणि मागचे स्नायू एकाच वेळी आवळले जातात, त्यामुळे मूल सावरण्याऐवजी खांबासारखे कलते. हा क्रम सरावाने बदलतो का, हे पाहण्यासाठी अमेरिकेतील संशोधकांनी सहा मुलांना सरकणाऱ्या फळीवर उभे केले आणि दिवसाला १०० धक्के, असे पाच दिवस त्यांना सावरू दिले. मुले पूर्वीपेक्षा लवकर आणि कमी डुलत स्थिर होऊ लागली व महिन्याभरानंतरही तो फायदा टिकून होता. २००३ साली प्रसिद्ध झालेला हा अभ्यास सहाच मुलांचा आहे, त्यावर इमले रचू नयेत हे खरे. पण ‘शक्य नाही’ हे विधान खोडायला सहा मुले पुरतात.

या अभ्यासातली मला सर्वांत महत्त्वाची वाटणारी गोष्ट अशी, की मुलांचा तोल जाऊ दिला गेला. आपल्याकडे घरात नेमके उलटे घडते. मूल जरा कलले की आजी, आई, शेजारच्या काकू असे चार हात एकदम पुढे येतात आणि सावरण्याची पाळी मुलावर येतच नाही. हात जवळ असावेत, पण अंगाला लागलेले नसावेत, हे पालकांना शिकवण्यातच माझे पहिले काही आठवडे जातात. पुढचे व्यायाम साधे असतात : पाटावर बसून हाताच्या टप्प्याबाहेरची वस्तू घेणे, हात न टेकता स्टुलावरून उठणे, एक पाय पाटावर ठेवून उभे राहणे, घरातल्या फरशीवर जमू लागले की सारसबागेच्या हिरवळीवर चालणे. फरक पडला की नाही हे मोजण्यासाठी मुलांच्या तोलाची एक ठरलेली चाचणी आहे. तिच्यात १४ कृती असून प्रत्येकीला ० ते ४, म्हणजे एकूण ५६ गुण असतात. पालकांनी हे गुण लिहून मागावेत. ‘बरं वाटतंय’ हा अहवाल नव्हे.

संदेशाच्या बाजूने एक गोष्ट मात्र मान्य केली पाहिजे. मूल उताणे झोपून मोबाइल पाहत आहे आणि थेरपिस्ट पाऊण तास त्याचे पाय वाकवत-ताणत आहे, यालाच फिजिओथेरपी म्हणायचे असेल तर तिने तोल सुधारणार नाही. आयोना नोव्हाक आणि त्यांच्या ऑस्ट्रेलियन सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये आणि पुन्हा २०२० मध्ये उपलब्ध पुराव्यांचा जो मोठा आढावा घेतला, त्यातही मुलाने स्वतः, ठरवलेल्या उद्दिष्टासाठी, प्रत्यक्ष कृतीचा केलेला सराव उपयोगी ठरला आणि नुसते ताणणे मागे पडले.

ताकदीच्या व्यायामाने ताठरपणा वाढतो, हा समज संदेश लिहिणाऱ्याचा नाही. आमच्याच व्यवसायाने तो कित्येक दशके जपला. नव्वदच्या दशकापासून झालेल्या अभ्यासांत वजने वापरून स्नायू बळकट केल्यावरही ताठरपणा वाढलेला आढळला नाही. मात्र नुसती ताकद वाढवली म्हणून चालणे आपोआप सुधारत नाही, त्यामुळे ती उठण्या-बसण्याच्या, पायरी चढण्याच्या कृतीतच वाढवावी लागते.

पाच वर्षांची मर्यादा एका खऱ्या संशोधनाच्या चुकीच्या वाचनातून आलेली दिसते. कॅनडातील ओंटारिओमध्ये ६५७ मुलांच्या हालचालींची वर्षानुवर्षे मोजणी करून २००२ मध्ये आलेख प्रसिद्ध झाले. क्षमतेनुसार केलेल्या पाच स्तरांपैकी (पहिला सर्वांत सौम्य, पाचवा सर्वांत तीव्र) पहिल्या स्तरातील मुले पाचव्या वर्षाच्या सुमारास आणि पाचव्या स्तरातील मुले तिसऱ्या वर्षाच्या आतच आपल्या क्षमतेच्या ९० टक्क्यांपर्यंत पोहोचतात, असे त्यांत दिसते. लवकर सुरुवात करा, एवढाच त्याचा अर्थ. त्याच गटाने २००९ मध्ये दाखवले, की तिसऱ्या ते पाचव्या स्तरातील मुलांची क्षमता पौगंडावस्थेत सरासरी घसरते. उंची आणि वजन वाढते, स्नायू आखडतात, शाळेत बसणे वाढते. त्या वयात व्यायाम सोडून देणे हा सर्वांत महाग पडणारा सल्ला आहे.

मालीश जरूर करावी. मुलाला आवडते, आईलाही निवांतपणा मिळतो, तोलाशी तिचा संबंध नाही. वॉकरबाबत मात्र शब्दांचा घोळ आहे. बाजारात मिळणाऱ्या बैठकीच्या बेबी वॉकरमध्ये मूल लोंबकळते, चवड्यांनी जमीन ढकलते आणि सावरण्याचे काम त्याला करावेच लागत नाही. जुना लाकडी पांगुळगाडा त्यापेक्षा बरा, कारण त्यात निदान स्वतःच्या पायांवर उभे राहावे लागते. थेरपिस्ट मापाने देतो तो मुलाच्या पाठीमागे राहणारा वॉकर ही तिसरीच वस्तू आहे.

ऑक्सिजन चेंबरची मोठी चाचणी कॅनडातील क्वेबेकमध्ये १११ मुलांवर झाली आणि २००१ मध्ये तिचे निष्कर्ष आले. एका गटाला हवेच्या नेहमीच्या दाबाच्या १.७५ पट दाबाखाली शुद्ध ऑक्सिजन, दुसऱ्याला १.३ पट दाबाखाली साधी हवा देण्यात आली. दोन्ही गट सारखेच सुधारले, म्हणजे ऑक्सिजनचा वेगळा लाभ दिसला नाही. स्टेम सेलबद्दल भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनुसार रक्ताच्या काही ठरावीक आजारांपलीकडे हा वापर फक्त मान्यताप्राप्त चाचणीतच करता येतो. सेरेब्रल पाल्सी त्या आजारांत नाही.

पैसा राखून ठेवायचाच असेल, तर केंद्राच्या राष्ट्रीय न्यासाची ‘निरामय’ विमा योजना पाहावी. सेरेब्रल पाल्सीच्या मुलांना तिच्यातून वर्षाला एक लाख रुपयांपर्यंत संरक्षण मिळते आणि त्यात थेरपीचा खर्चही धरला जातो. त्यासाठी दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र आधी काढून ठेवावे लागते.