‘जीन बिघडलं’ म्हणजे घराण्यातून आलं असं नव्हे

जठराच्या कॅन्सरबद्दल एक मेसेज बऱ्याच ग्रुपवर फिरतोय. त्याचं म्हणणं असं, की हा कॅन्सर जनुकांच्या बिघाडातून होतो म्हणजे तो घराण्यातूनच येतो, त्यामुळे जंतू-बिंतू तपासण्यात अर्थ नाही. आणि ज्या गाठीत डीएनएची दुरुस्तीच बंद पडलीय तिच्यावर औषध चालत नाही, तेव्हा काढा द्यावा. मी पॅथॉलॉजिस्ट आहे. असे रिपोर्ट माझ्या सहीने बाहेर जातात, म्हणून हे उत्तर.

घराण्याचा मुद्दा आधी. ‘जनुकीय’ वेगळं, ‘आनुवंशिक’ वेगळं. बहुतेक रुग्णांत हा बिघाड जन्मानंतर, जठराच्या अस्तरातल्या पेशींतच झालेला असतो. तो मुलांकडे जात नाही.

एका पेशीच्या दोन होताना डीएनएची नक्कल होते. डीएनएचं एकच अक्षर ओळीने आलं की नक्कल चुकण्याची शक्यता वाढते. भरभर दहा ‘क’ लिहून बघा, नऊवर थांबाल नाहीतर अकरा होतील. अशा चुका पकडायला पेशीकडे मुद्रितशोधक असतात, एमएलएच१, पीएमएस२, एमएसएच२ आणि एमएसएच६ ही प्रथिनं. मेसेजमधली ‘डीएनएची दुरुस्ती’ ती हीच. टीजीएफबीआर२ नावाच्या जनुकात असे सलग दहा ‘ए’ आहेत. मुद्रितशोधक गैरहजर असला की त्यातला एखादा गळतो, पुढचं सगळं वाचन घसरतं आणि पेशीच्या वाढीला लगाम घालणारं प्रथिन अर्धवटच तयार होतं.

स्लाइडवर हे डोळ्यांना दिसतं. खास रंग लावला की एमएलएच१ असलेल्या पेशीचं केंद्रक तपकिरी होतं. दुरुस्ती बंद पडलेल्या गाठीतल्या पेशी नुसत्याच निळ्या दिसतात, आणि त्यांच्यामध्ये अडकलेल्या लिम्फोसाइट्स, म्हणजे शरीराच्या निरोगी प्रतिकारपेशी, मात्र तपकिरी, म्हणजे रंग नीट लागलाय. पण प्रथिन का नाही, हे स्लाइड सांगत नाही. जठरात बहुतेक वेळा उत्तर असं निघतं, की जनुकाची अक्षरं शाबूत आहेत, फक्त त्याच्या सुरुवातीला मिथाइलचे गट चिकटून ते गप्प झालंय. हे उतारवयात जास्त दिसतं आणि सहसा वारशाने येत नाही. मिथाइल सापडले नाहीत, किंवा एमएसएच२-एमएसएच६ गायब असतील, तर मात्र लिंच सिंड्रोमची, म्हणजे या मुद्रितशोधकांच्या जनुकात वारशाने आलेल्या दोषाची, शंका घ्यायची आणि नातेवाइकांच्या तपासणीचा विषय काढायचा.

शिवाय सगळ्या गाठी अशा नसतात. २०१४ साली अमेरिकेच्या कॅन्सर जीनोम अ‍ॅटलास या संशोधन प्रकल्पाने जठराच्या २९५ गाठी तपासल्या, त्यांत दुरुस्ती बंद पडलेल्या साधारण २२ टक्के निघाल्या. निम्म्या गाठींत गुणसूत्रांचे तुकडेच कमीजास्त झालेले होते. तो वेगळाच गोंधळ. खरोखर घराण्यातून येणारा सीडीएच१ चा प्रकार १९९८ मध्ये न्यूझीलंडच्या माओरी कुटुंबांत सापडला, पण ते जनुक पेशींना एकमेकींना धरून ठेवण्याचं काम करतं, दुरुस्तीचं नाही!

आता जंतू. जठरात राहणाऱ्या हेलिकोबॅक्टर पायलोरी या जंतूला जागतिक आरोग्य संघटनेच्या कॅन्सर संस्थेने १९९४ मध्येच कॅन्सरकारक ठरवलं. वर्षानुवर्षं सुजलेल्या अस्तरात डीएनएला इजा होत राहते, मिथाइल चिकटण्याचं प्रमाणही वाढतं. म्हणजे जनुक बिघडवणाऱ्यांत जंतूच पुढे. जपानमध्ये २०२३ ला प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात तर वारसा आणि जंतू एकत्र आले तर काय होतं तेच दिसलं. बीआरसीए१, बीआरसीए२, एटीएम, पीएएलबी२ अशा डीएनएच्या वेगळ्या प्रकारच्या दुरुस्तीच्या जनुकांत जन्मजात दोष आणि वर जंतूची लागण असलेल्यांना ८५ वर्षांपर्यंत जठराचा कॅन्सर होण्याची शक्यता ४५.५ टक्के निघाली. लागण आहे पण दोष नाही, त्यांच्यात १४.४ टक्के. म्हणजे घराण्यात दोष असेल तर जंतू तपासणं जास्तच गरजेचं.

औषध चालत नाही हे तर साफ उलटं आहे. दुरुस्ती बंद पडलेल्या गाठीत इतकी विचित्र प्रथिनं तयार होतात की शरीराच्या प्रतिकारपेशींना ती परकी म्हणून ओळखता येतात. म्हणूनच २०१७ मध्ये अमेरिकेत पेम्ब्रोलिझुमॅब या प्रतिकारपेशींना मोकळं सोडणाऱ्या औषधाला अशा पसरलेल्या गाठींसाठी मान्यता मिळाली, गाठ कुठल्या अवयवात आहे हे न बघता. तसं पहिल्यांदाच घडलं. सगळ्यांना गुण येत नाही, आणि औषध महाग आहे, हे खरंच. ऑपरेशन करण्याजोग्या अशा गाठींत केमोचा कितपत फायदा, यावर ऑन्कोलॉजिस्टांमध्येही वाद आहे. मेसेजवाल्याने तेवढंच अर्धवट ऐकलं असावं. पण त्यातून काढा कसा निघाला? मिथाइलने गप्प केलेलं जनुक काढ्याने बोलतं झाल्याचा पुरावा नाही.

तुमच्या घरात कोणाचा रिपोर्ट असेल तर त्यात एमएमआर (ही दुरुस्ती चालू आहे का) किंवा एमएसआय (दुरुस्ती न झालेल्या चुकांच्या खुणा) अशी ओळ आहे का बघा. नसेल तर डॉक्टरांना विचारा. बायोप्सीचा मेणाचा ब्लॉक सहसा लॅबमध्ये जपलेला असतो, त्याच्यावरच ही तपासणी बहुतेक वेळा होते, पुन्हा नळी घालावी लागत नाही.