तुर्की कादंबरी 1872 साली सुरू झाली नाही

‘पहिली तुर्की कादंबरी 1872 ची, मुसलमान तुर्कांनी मुसलमान तुर्कांसाठी लिहिलेली. सुरुवातीच्या सगळ्याच कादंबऱ्या फ्रेंचांची नक्कल, त्यांत स्मृती-अस्मिता शोधू नका. 1928 मध्ये लिपी बदलली आणि तेही पुसलं गेलं.’ व्हॉट्सॲपवर फिरणारा हा मजकूर माझ्या भाचीने एम.ए.च्या टिपणात जसाच्या तसा उतरवला, तेव्हा मात्र गप्प बसवेना.

वार्तान पाशा या आर्मेनियन लेखकाची ‘अकाबी हिकायेसी’ इस्तंबूलमध्ये 1851 साली छापली गेली. भाषा तुर्की, लिपी आर्मेनियन. अकाबी आर्मेनियन ऑर्थोडॉक्स, हागोप कॅथलिक. दोघंही एकाच समाजाची, पण पंथ आडवा येतो आणि प्रेमाची शोकांतिका होते. आपण नेमके कोण, हा प्रश्नच इथे कथानक आहे! आंद्रेआस टीत्से या तुर्कीच्या अभ्यासकाने 1991 मध्ये ती आजच्या लॅटिन लिपीत आणली, त्यामुळे ‘माहीत नव्हतं’ ही सबब चालणार नाही. धर्म आणि लिपी पाहून कादंबरी मोजायची ठरवली, की अख्ख्या समाजाची आठवण यादीतून गळते. 1915 पासून ज्या आर्मेनियनांची कत्तल झाली, त्यांना आता साहित्याच्या इतिहासातूनही हाकलायचं का?

बरं, 1872 ची कादंबरी लिहिणारे शेम्सेत्तीन सामी तरी कोण? जन्माने अल्बेनियन, म्हणजे ‘तुर्कांनी लिहिलेली’ हेही सरळ नाही. अल्बेनियन राष्ट्रीय चळवळीत त्यांना मान आहे आणि ‘कामूस-इ तुर्की’ हा तुर्की भाषेचा कोशही त्यांचाच.

फ्रेंच प्रभाव होता, हे कबूल. पण ‘आराबा सेवदासी’ या कादंबरीतला फ्रेंचवेडा, घोडागाडीवेडा बिहरूझ बे हा त्या नकलेवरच ओढलेला कोरडा आहे. आणि ‘सेर्गुझेश्त’मधली दिलबेर? कॉकेशसहून लहानपणी आणून विकलेली गुलाम मुलगी, एका घरातून दुसऱ्या घरात जात शेवटी नाईलमध्ये जीव देते. ज्या गुलामगिरीवर इस्तंबूलची बडी घरं चालत होती, तीच या कादंबरीचा विषय आहे.

राहिला 1928 चा मुद्दा. तेव्हा अरबी लिपी जाऊन लॅटिन आली. जुनी छपाई आज सामान्य तुर्क वाचकाला वाचता येत नाही, एवढं खरं. पण या कादंबऱ्या नव्या लिपीत पुन्हा छापल्या गेल्या आणि आजही विकत मिळतात. ‘अकाबी’ तर बहुतेक तुर्कांना वाचता आली ती नव्या लिपीतच.